मालक पाणी पीत नाहीत

परभणीच्या एका कॉलेजातून मला भाषणाचं निमंत्रण आलं. विषय होता 'उदयोन्मुख अर्थव्यवस्थांच्या शाश्वत विकासात खासगी उद्योगाची भूमिका'. माझं मोटरपंपांचं दुकान आहे, त्यावर रंगीत पाटी आहे आणि पाटीवर माझं नाव मोटरींच्या नावापेक्षा मोठं आहे. एवढ्या पुराव्यावर प्राध्यापक मंडळींनी मला उद्योजक ठरवलं. मीही लगेच आरशासमोर उभा राहून घसा साफ करायला लागलो. बायको मेथी निवडत बसली होती.

"शाश्वत म्हणजे काय ओ?" तिनं विचारलं.

"टिकणारं."

"मग मालकांचं सांगा की. उगं इकडचं तिकडचं कामून सांगायलाव?"

मालक म्हणजे माझ्या पहिल्या नोकरीतले दुकानदार, आणि त्यांचं सांगायचं म्हणजे पंचाईत होती. ते खासगी उद्योजक होते हे खरं; पण मोटर न विकणं हा त्यांचा मुख्य उद्योग होता.

विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा धुमसत होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. माझी बी.कॉम.ची परीक्षा पुढे पुढे ढकलली जात एकदाची झाली, आणि मी पास झालो याचं आश्चर्य वाटून घेणाऱ्यांत मीच पहिला होतो. सेलूत कापसाच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर मालकांचं दुकान होतं. तिथे माणूस पाहिजे असं कळलं म्हणून गेलो. दुकानात एक बाकडं, एक खुर्ची आणि मागे पडदा. मोटरी सगळ्या पडद्याआड ठेवलेल्या. "उघड्यावर ठिवल्या की माणसाला मोठीच पायजे वाटती," असं मालकांचं म्हणणं. मी मार्केटिंगचं पुस्तक अर्धं वाचलेला माणूस. मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"पवता येतं का?"

"नाही."

"मग हिरीत वाकून बगायचं न्हाई. पडलाव तर मोटर लावून हीर उपसावी लागंल."

मला वाटलं विनोद आहे. मी हसलो. ते हसले नाहीत.

नोकरी मिळाली ती माझ्या मोपेडमुळे. मालकांना कुठलंच वाहन चालवता येत नव्हतं, आणि गिऱ्हाइकाची विहीर बघितल्याशिवाय ते मोटर देत नव्हते. दुकानात ते आणि मी अशी दोनच माणसं. पण मला स्थळं सांगून यायला लागली तेव्हा आईनं मला 'मॅनेजर' करून टाकलं, आणि मॅनेजरनं हरकत घेतली नाही.

गिऱ्हाईक यायचं ते पैसे खिशात घेऊन, बँकेचं कर्ज मंजूर करून. "पाच हॉर्सपॉवरची द्या." दुसरा कुठलाही दुकानदार त्याला आधी चहा पाजेल. मालक विचारायचे, "हीर कुठं हाय?" मग मी मोपेड काढायची, मालक मागे बसायचे. एका खांद्याला पाण्याची किरमिजी रंगाची कापडी छागल, खिशात दोरीला बांधलेला शिशाचा गोळा. मोपेड उताराला लागली की तो गोळा माझ्या पाठीत बसायचा. विहिरीवर पोचलं की मालक काठावर बसून गोळा आत सोडायचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या विहिरींची चौकशी करायचे, झरा कुठून येतो ते बघायचे आणि मग तिथेच बराच वेळ बसून राहायचे. माझी इस्त्रीची पँट तोवर बाभळीच्या काट्यांत अडकलेली असायची.

मग निकाल. "तीनची लावा."

"अवो, पण मला पाच पायजे!"

"तुमाला पायजे. तिला न्हाई."

एकदा वैतागून मी म्हणालो, "मालक, अशानं गिऱ्हाईक राहील का?" तेव्हा त्यांनी मला शांतपणे धंदा समजावून सांगितला. "आपलं गिऱ्हाईक हीर हाय. माणूस निस्ता पैशे द्यायला येतो. हीर मेली की मोटर बी गेली, मानूस बी गेला ऊस तोडायला. मग तुमी कुणाला इकणार?"

मी दिवाळीत 'दणक्यात दिवाळी, मोटर घ्या मोठी' असा फलक रंगवून लावला होता. अक्षरं मीच काढली होती आणि 'मोठी'च्या वेलांटीला फुलबाजी जोडली होती. मालकांनी तो बघितला, वेलांटी चांगली आलीय म्हणाले आणि काढून ठेवला. दिवाळीत ते मोटर विकतच नसत. "आत्ता हीर खोटं बोलती. भरलेली असती ना. चैतात बगू, तवा खरं बोलंल." अख्ख्या गावाच्या धंद्याला तेजी यायची तेव्हा आमचा धंदा बंद, आणि चैत्रात गिऱ्हाईक कफल्लक झालं की आमचं दुकान जोरात.

या सगळ्यावर कळस म्हणजे त्यांचा पाण्याचा नियम. विहिरीला झेपेल तीच मोटर लावीन, असा शब्द गिऱ्हाइकानं दिल्याशिवाय मालक त्याच्या घरचं पाणी पीत नसत. तोवर छागलीतलं प्यायचं. "घोट घेतला की तिला शब्द दिल्यावानी होतं," असं म्हणायचे.

आता त्या वर्षांत गावागावात कोण कुणाचं पाणी पितो याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले. एका गावी मालकांनी पाटलाच्या ओसरीवर आलेला तांब्या परत पाठवला, कारण पाटील साडेसात हॉर्सपॉवरच्या खाली यायला तयार नव्हते. त्याच दुपारी पलीकडच्या बौद्ध वस्तीत एकानं "तुमी म्हणाल ती लावतो" असं म्हटल्याबरोबर मालक त्याच्या दारात बसून दोन पेले प्यायले. आम्ही परत निघेपर्यंत गावात हलकल्लोळ. पाराजवळ लोकांनी मोपेड अडवली. पाटलाचं पाणी नाकारता आणि वस्तीतलं पिता, तुम्ही आहात तरी कोणत्या बाजूचे? नामांतराला माझा पाठिंबा आहे की विरोध, हे समोरच्या माणसांचे चेहरे बघून ठरवायचं माझं चाललं होतं. मालक मात्र खरोखर गोंधळले होते.

"मानसाचं कुठं असतं पाणी?" ते म्हणाले. "हिरीचं असतंय की. त्यांची हीर राजी हाय, तुमची न्हाई."

लोकांना हे उत्तर एवढं अनपेक्षित होतं की त्यांनी वाट दिली. मी मोपेड अशी पळवली की मालकांची टोपी मागेच राहिली.

अशा माणसाला मी मुलगी बघायला सोबत नेलं. वडील नव्हते, मामांना ऐनवेळी ताप भरला, आणि मोठं माणूस तर बरोबर पाहिजे. आम्ही पॅसेंजरनं चुडाव्याला उतरलो आणि बैलगाडीनं गावात गेलो. चैत्र होता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मुलीचे वडील म्हणजे माझे होऊ घातलेले सासरे तालेवार शेतकरी. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला पांढरा सदरा, आवाज ओसरीवरून वेशीपर्यंत जाणारा. त्यांनी बसल्याबसल्या सांगून टाकलं की विहिरीवर साडेसातची मोटर बसवणार आहोत, जावई त्याच धंद्यातला मिळतोय म्हणजे योगच. मी मॅनेजरसारखी मान हलवली. एवढ्यात पाणी आलं. मालक म्हणाले, "मागून घेतो," आणि उठून परसाकडे गेले ते गेलेच.

मुलगी आली, बसली. मी आठवडाभर घोटलेला प्रश्न विचारला, "वाचनाची आवड आहे का?" ती म्हणाली, "हाय." पुढचा प्रश्न मला आठवेना, कारण माझे कान विहिरीकडे लागले होते. मी मुलीकडे कमी आणि दाराकडे जास्त बघितलं. मुलगी बघायला जाऊन दार बघून आलेला मी एकटाच असेन.

बऱ्याच वेळानं मालक आले. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. सासऱ्यांनी हसून विचारलं, "मग पाव्हणे, कसं काय वाटलं?"

"झरा चांगला हाय," मालक म्हणाले. "पण साडेसात झेपायची न्हाई. तीनच लावा."

आतून पुन्हा तांब्या आला. मालकांनी छागलीचं बूच काढलं आणि सगळ्यांच्या देखत आपलं पाणी प्यायले.

मुलीच्या आत्यानं पदर खोचला. "आमच्या घरचं पाणीबी गोड न्हाई का? पोरगी नापसंत असंल तर तोंडानं सांगा की! असं छागलीतून कामून सांगायलाव?"

दाराआड काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी उठून समजवायला गेलो की हा विहिरीचा विषय आहे, मुलीचा नाही. जितकं समजावलं तितकं ते थापेसारखं वाटायला लागलं. विहिरीमुळे पाणी पीत नाहीत, हे कोण खरं मानील? मीही मानलं नसतं.

चुडाव्याच्या फलाटावर मी मालकांना आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून बोललो. एक घोट घेतला असता तर काय बिघडलं असतं, एका मुलीचा चारचौघांत पाणउतारा झाला, वगैरे. मालकांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमी पोरगी बगितली का?"

"नाही... नीट नाही."

"मग इतका येळ काय करायलता? मी बगितली. म्हंजे तिचं काम बगितलं. हिरीच्या दगडावर दर चैताला पाणी कुठवर उतरलं त्याच्या चुन्याच्या रेघा हायेत. तिच्या चुलत्याची हीर बांधापल्याड हाय, त्यानं सांगितलं, रेघा पोरगी मारती म्हणून. बायांना कळावं, दोर किती लांब आणायचा ते. लय गुणाची पोरगी. करून टाका."

"मग तिथं का नाही बोललात!"

"तिथं मला हिरीचं इचारलं."

गाडी आली आणि आम्ही बसलो. पूर्णेपर्यंत मी रागानं खिडकीबाहेर बघत होतो. परभणी आली तेव्हा लक्षात आलं की माझ्या डोक्यात मोटर नाही, नोकरी नाही, त्या चुन्याच्या रेघाच आहेत. मला ती मुलगी हवी होती. तिचा चेहरा मला धड आठवत नव्हता, तरी हवी होती. माझ्या बुद्धीचा एकूण आवाका बघता हा निर्णय मी त्यातल्या त्यात बरा घेतला.

मध्यस्थाकडून सासऱ्यांचा निरोप आला. तुमच्या मोठ्या माणसानं आमच्या ओसरीवर येऊन पाणी प्यावं, सोयरीक पक्की. नाहीतर विषय संपला. मालकांचा उलट निरोप: साडेसात लावणार नाही म्हणा, आत्ता येतो. सासऱ्यांचं त्यावर: माझ्या विहिरीत काय लावायचं ते मी ठरवणार. माझं लग्न असं एका पेल्यावर अडकून बसलं आणि तो पेला दोन हट्टी माणसांच्या मधे लोंबकळत राहिला.

मी मालकांच्या विनवण्या केल्या. चहा प्या म्हटलं. "चहा कशाचा असतो?" सोडावॉटर प्या म्हटलं, ते नांदेडहून येतं. त्याला मालक चक्क तयार झाले. मी आनंदानं मध्यस्थाला पिटाळलं. सासऱ्यांनी कळवलं की आमच्याकडे सोयरीक सोड्यावर होत नसते.

शेवटी मालकच एक दिवस म्हणाले, "चला." त्यांनी पडद्यामागची साडेसातची मोटर काढली, पॅसेंजरच्या गार्डच्या डब्यात चढवली, चुडाव्याला उतरवली आणि बैलगाडीत घालून सासऱ्यांच्या विहिरीवर नेली. सगळा खर्च स्वतःचा. "बसवा. दिसभर चालवा. पाणी टिकलं तर मोटर तुमची, आहेर समजा. आन् मी हितं बसून घागरभर पितो."

गाव लोटलं. सासऱ्यांनी खाटेवर बसून फेट्याचा तुरा सारखा केला. बटण दाबलं तसा पाइपातून असा लोंढा आला की पोरं नाचायला लागली. सासऱ्यांनी माझ्याकडे बघून मिशीवर हात फिरवला. मीही तेव्हा मोटरीच्याच बाजूचा होतो, हे सांगून टाकतो. पाणी टिकलं की माझं लग्न पक्कं. विहिरीनं माझ्यासाठी एवढं करावं अशी मनोमन प्रार्थना करत होतो.

उन्हं चढली. पाणी उतरायला लागलं. दगडावरची एक चुन्याची रेघ उघडी पडली, मग दुसरी. दुपार कलली तेव्हा बांधापलीकडून सासऱ्यांचा धाकटा भाऊ आला. या दोघा भावांत बोलणं नव्हतं, पण दोन्ही विहिरींचा झरा एकच होता. बांधावर उभा राहून तो कुणाकडेही न बघता म्हणाला, "माझ्या हिरीत पाइपाच्या बुडाचा फूटव्हॉल उघडा पडायलाय." सासरे ऐकून न ऐकल्यासारखे बसून राहिले. पण तुऱ्याकडे गेलेला हात मधेच थांबला.

तेवढ्यात ती आली. बायकांच्या घोळक्यातून निघून थेट काठाशी. खाली वाकून बघितलं. सगळ्यांत खालची रेघही उघडी पडली होती. कुठल्या तरी वाईट उन्हाळ्यात मारलेली असणार. त्या रेघेखाली नुसता ओला दगड होता. ती कुणाला काही बोलली नाही. चालत खांबापाशी गेली आणि मेन स्विचचा दांडा खाली ओढला.

मोटर थांबली. एवढी शांतता झाली की विहिरीच्या तळाला झरा ठिबकायचा आवाज वर ऐकू आला.

"आण्णा," ती बापाला म्हणाली, "बास की आता. काकीनं उद्या कुठून पाणी आणावं?"

मी त्या दिवशी तिचा चेहरा पहिल्यांदा नीट बघितला. घाबरलेला होता, आणि तरी तिनं दांडा सोडला नव्हता. मला माझ्या सगळ्या इस्त्रीच्या पँटींची लाज वाटली.

सासरे उठले. शेवटी खाकरून, दुसरीकडे बघत मालकांना म्हणाले, "चला पाव्हणे. घरी चला. पाणी प्या."

हे ऐकायला मी देव पाण्यात ठेवले होते. आणि घरात पाणी नव्हतं. मोटर बसवायच्या गडबडीत सकाळी कुणी शेंदलंच नव्हतं, उपसलेलं सगळं रानात मुरलं होतं, आणि आता विहिरीत गाळ. आत्या रिकामी घागर घेऊन दारात उभी, सासरे तिच्याकडे बघतायत, मी मालकांकडे.

मालक विजय साजरा करणारे नव्हते. ते काठावर बसून आत बघत होते, एखाद्या आजारी माणसाकडे बघावं तसं. "आत्ता नगं," म्हणाले. "दमलीय ती. भरू द्या. मागून कवातरी पिऊ." मग माझ्याकडे वळून, "पोरगी पसंत हाय म्हणून सांगा ओ. मागल्या खेपी ऱ्हायलं."

लग्न झालं. मालक आले, आहेर दिला, जेवले आणि पाणी छागलीतलं प्यायले, कारण कोणती मोटर लावणार हे सासऱ्यांनी काही सांगितलं नव्हतं. नंतर त्यांनी मोटर आणली ती आमच्याकडून नाही, नांदेडहून. पत्र्याच्या खोलीत बसवली आणि खोलीला कुलूप घातलं. पाचची लावली म्हणून गावात सांगितलं. भावाशी मात्र पाण्याच्या पाळ्या ठरल्या, म्हणजे बोलावं लागायला लागलं. मी दिवाळसणाला गेलो की त्या कुलपाकडे बघायचो, पण जावयानं सासऱ्याला हॉर्सपॉवर विचारायची म्हणजे जरा अवघडच. मालक दर चैत्रात मला एवढंच विचारायचे, "हीर कशी हाय?" मी म्हणायचो, बरी आहे. मी कधीच बघितलेली नसायची. पोहता कुठे येत होतं?

मग एक वर्ष असं आलं की आधीचा पावसाळा नुसताच वाजून गेला. चैत्रात सेलूत टँकर फिरायला लागले. आपण मोटर दिली त्यातल्या किती विहिरी तगल्या हे मालकांना बघायचं होतं, पण त्यांना आता मोपेडवर बसवत नव्हतं. दुकानातल्या त्या बाकड्यावर ते पडून असत, छागल उशाला. येणारा प्रत्येक माणूस कुठल्या गावची कोणती विहीर आटली ते सांगायचा. मालक डोळे मिटून ऐकायचे. गिऱ्हाइकं जात होती त्यांची, एकेक करून. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

अशा एका दुपारी सासरे दुकानात आले. न कळवता. चुडाव्याहून पॅसेंजरनं, उभ्यानं प्रवास करून. हातात पितळी कळशी, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. कळशी त्यांनी मालकांच्या पुढ्यात ठेवली. पूर्णेला एका बाईनं लेकरासाठी मागितलं, तेवढं दिलं म्हणाले, बाकीचं हे.

मालक उठून बसले. मी पुढे होऊन पेला भरला. त्यांनी तो घेतला नाही. सासऱ्यांकडे बघून विचारलं, "किती लावली?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे. मग त्या पडद्याकडे, ज्याच्या मागची मोटर त्यांनी कधी घेतली नाही.

"तीन," ते म्हणाले. वेशीपर्यंत जाणारा तो आवाज बाकड्यापर्यंत जेमतेम पोचला. "तीनच लावली तवाच. सबंध शिवारात दोनच हिरी चालू हायेत. माझी आन् भावाची. आख्खं गाव भरायलंय."

मालकांनी पेला हातात घेतला. पहिला घोट तोंडात बराच वेळ धरून ठेवला.

"मचूळ हाय जरा," म्हणाले.

सासऱ्यांचा चेहरा पडला.

"पण हाय," मालक म्हणाले, आणि पेला संपवला. मग छागलीतलं आपलं पाणी त्यांनी दारातल्या लिंबाच्या बुडाशी ओतलं, कळशीतलं तिच्यात भरून घेतलं आणि बूच लावलं.

"हिरीला सांगा," ते सासऱ्यांना म्हणाले, "पिलं म्हणावं."